अँबॅसिडरचे टायमिंग : आधी पॉइंट, मग डिस्ट्रिब्युटर



अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. तरी काहींच्या दारात १४८९ सी.सी.ची जुनी पेट्रोल गाडी अजून आहे. हे चार शब्द तिच्यासाठी.

गाडी ओढेना की पहिला हात डिस्ट्रिब्युटरवर जातो. क्लॅम्प सैल करायचा, जरा इकडे-तिकडे फिरवायचा आणि "आता बरी चालतीय" म्हणायचे. ही सवय आम्हाला पसंत नाही. ठिणगी पडते ती पॉइंट उघडताना. पॉइंटचा फायबरचा टेकू कॅमवर घासून झिजतो, गॅप कमी होते आणि पॉइंट उशिरा उघडतात. म्हणजे कुणी हात न लावताही टायमिंग मागे पडते. इंजिन तापते, चढाला दम लागतो. उलट गॅप जास्त ठेवली तर ठिणगी लवकर पडते. गाडी खडखडते आणि हँडल मारताना उलटा झटका देते. या झटक्याने मनगट मोडते, हे थट्टेवारी नेऊ नये. अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवून हँडल खालून वर ओढावे, वरून दाबू नये.

म्हणून आधी टेकू कॅमच्या उंचवट्यावर आणून फिलर गेजने गॅप ०.३५ ते ०.४० मि.मी. करावी. मग पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर घेऊन पुलीची खाच टायमिंग कव्हरच्या खुणेशी पुस्तकात दिलेल्या अंशांवर जुळवावी. यातली लांब खूण टी.डी.सी.ची. डिस्ट्रिब्युटरची बारीक वायर जिथे येते तिथे आणि बॉडीला बारा व्होल्टचा दिवा जोडून स्विच चालू करावा. पॉइंट उघडले की दिवा लागतो. नेमका त्या क्षणी क्लॅम्प आवळावा. रोटर फिरतो त्याच्या उलट बाजूस डिस्ट्रिब्युटर वळवला की टायमिंग पुढे जाते.

आता आपल्याच उसाची गोष्ट. पंपावरच्या पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यात ऑक्सिजन असल्याने जुन्या कार्बोरेटरचे मिश्रण पातळ पडते, गाडी अडखळते, कार्बोरेटरमधून फुसकारे येतात. लोक दोष टायमिंगला देतात. इथेनॉलचे ऑक्टेन जास्त, त्याने खडखड वाढत नाही. इलाज करायचा तो मिश्रणाचा. जुने रबरी पाइपही याच पेट्रोलाने फुगतात, ते बदलावेत. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर टाकीच्या तळाला पाणी साचले नाही ना, तेही बघावे.

हे सर्व करूनही टायमिंग टिकेना, तर रोटर धरून शाफ्ट आडवा हलवून पाहावा. हलला तर बुश गेले. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून बघावी. आतली प्लेट हलली पाहिजे आणि ओढ धरून राहिली पाहिजे. नाही तर पडदा फाटला आहे. बुश किंवा पडदा गेला असेल तर पॉइंट कितीदा जुळवले तरी आठवड्यात पुन्हा तेच.