साठा नोंदवहीस बारकोडची जोड
हाती धरावयाच्या स्कॅनरने वस्तुनोंद कशी करावी?

सार्वजनिक भांडाराची खरी कसोटी निकडीच्या वेळी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत सर्पदंशावरील प्रतिविषाच्या वीस कुप्या शिल्लक दिसाव्यात आणि ऐन पावसाळ्यात रात्री रुग्ण आला असता कपाटात एकही कुपी सापडू नये, अथवा सापडलेल्या कुपीची मुदत संपलेली असावी, तर त्या नोंदवहीतील सुवाच्य अक्षराचा उपयोग काय? शाळेतील प्रयोगशाळा, ग्रंथालय, पंचायतीचे भांडार या सर्वांना हाच न्याय लागू आहे. कागदावरील शिल्लक आणि फळीवरील शिल्लक यांत मेळ राखणे हे भांडारव्यवस्थेचे सार होय.

हा मेळ बहुधा तीन कारणांनी बिघडतो. पहिले कारण, सारख्या नावांच्या वस्तूंची गल्लत. पॅरासिटामॉलच्या २५० व ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या एकाच नावाखाली नोंदल्या जातात. दुसरे कारण, नोंदीस होणारा विलंब. वस्तू सकाळी दिली जाते, नोंद सायंकाळी स्मरणाने होते. तिसरे कारण, एककांचा घोळ. आवक पेट्यांत लिहिली जाते, जावक गोळ्यांत. बारकोड आणि तो वाचणारा स्कॅनर यांनी पहिला दोष जवळजवळ नाहीसा होतो आणि दुसरा पुष्कळ कमी होतो. तिसरा मात्र माणसाच्या दक्षतेवाचून जात नाही. हे आरंभीच लक्षात घेतले म्हणजे या साधनाकडून अवास्तव अपेक्षा राहत नाहीत.

रेषांचा उगम

बारकोड म्हणजे अंकांचे रेषांत केलेले लेखन. १९४८ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील ड्रेक्सेल संस्थेत बर्नार्ड सिल्व्हर यांच्या कानी एका किराणा व्यापाऱ्याची मागणी पडली. गल्ल्यावर मालाची माहिती आपोआप घेता येईल अशी युक्ती त्याला हवी होती. सिल्व्हर यांचे मित्र नॉर्मन जोसेफ वुडलँड यांनी या प्रश्नाचा ध्यास घेतला. मायामीच्या समुद्रकिनारी वाळूत बोटे ओढीत असता तारायंत्राच्या मोर्स लिपीतील बिंदू व रेघा खाली लांबवून जाड-बारीक रेषा कराव्यात, अशी कल्पना त्यांना सुचली. १९५२ साली उभयतांना पेटंट मिळाले. तथापि या रेषा वाचण्यास योग्य असा प्रकाश व स्वस्त संगणक त्या काळी नव्हते. पुढे आयबीएम कंपनीतील जॉर्ज लॉरर यांनी आज परिचित असलेला रेषांचा आराखडा तयार केला आणि २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावच्या एका दुकानात च्युइंगमच्या पुडक्यावरील बारकोड प्रथम वाचला गेला. भारतात हे क्रमांक देण्याचे कार्य १९९६ मध्ये स्थापन झालेली, आज ‘जीएस-वन इंडिया’ या नावाने ओळखली जाणारी संस्था करते.

तेरा अंकांचा अर्थ

आपल्याकडील बहुतेक वेष्टित मालावर तेरा अंकी बारकोड असतो. त्यातील आरंभीचे अंक हा क्रमांक कोणत्या देशाच्या संस्थेने दिला ते सांगतात. भारतीय संस्थेसाठी ८९० हे अंक ठरलेले आहेत. यावरून माल भारतात तयार झाला असे मात्र सिद्ध होत नाही. क्रमांक भारतीय संस्थेकडून घेतला, एवढाच त्याचा अर्थ. त्यापुढील अंक कंपनीचे व वस्तूचे असून शेवटचा अंक पडताळणीचा असतो.

हा पडताळणी अंक समजून घेण्याजोगा आहे. शिक्षकांनी तो सातवी-आठवीच्या वर्गात गणिताचे उदाहरण म्हणून अवश्य सांगावा. नमुन्यादाखल ८९०१२३४५६७८९० हा क्रमांक घेऊ. शेवटचा अंक सोडून डावीकडून पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा विषम स्थानांवरील अंकांची बेरीज करावी : ८ + ० + २ + ४ + ६ + ८ = २८. सम स्थानांवरील अंकांची बेरीज करून तिला तीनने गुणावे : ९ + १ + ३ + ५ + ७ + ९ = ३४; ३४ × ३ = १०२. दोहोंची बेरीज १३०. या बेरजेस दहाने भाग जाण्यासाठी जेवढे मिळवावे लागते, तो पडताळणी अंक. येथे काहीच मिळवावे लागत नाही, म्हणून तो शून्य आहे. आता समजा, सहाव्या स्थानावरील ३ हा अंक चुकून ८ असा वाचला गेला. बेरीज १४५ होते आणि पडताळणी अंक ५ असावयास हवा. छापलेला अंक शून्य असल्याने यंत्र तो क्रमांक स्वीकारीत नाही.

कोणताही एक अंक चुकला तर ही रीत चूक हमखास पकडते. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुधा पकडते. त्या दोन अंकांत पाचाचा फरक असेल, उदाहरणार्थ २ व ७, तर मात्र अदलाबदल निसटते. हाताने क्रमांक लिहिताना अशी चूक संभवते. म्हणून बारकोड शक्यतो यंत्रानेच वाचावा.

स्कॅनर काय करतो?

स्कॅनर रेषांवर प्रकाश टाकतो. काळी रेषा तो प्रकाश शोषून घेते, पांढरी जागा परावर्तित करते. परतणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारावरून रेषांची रुंदी आणि तीवरून अंक ठरतात. यावरून काही व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात. रेषांच्या दोन्ही बाजूंस कोरी जागा हवी. तीवर शिक्का मारू नये वा चिकटपट्टी लावू नये. पुष्कळ स्कॅनरांचा प्रकाश तांबडा असल्याने पांढऱ्यावर तांबड्या रेषा छापल्यास त्या यंत्राला दिसतच नाहीत. चकचकीत वेष्टनावर स्कॅनर किंचित तिरका धरावा.

केवळ रेषा वाचणारा लेझर स्कॅनर आणि छायाचित्र घेऊन वाचणारा स्कॅनर असे दोन प्रकार प्रचलित आहेत. चौकोनी क्यूआर संकेत दुसऱ्याच प्रकारच्या यंत्राने वाचता येतो. औषधांच्या भांडारासाठी खरेदी करावयाची झाल्यास ही बाब आधी पाहावी.

साधा स्कॅनर संगणकास जोडला असता तो कळफलकासारखा वागतो. वाचलेले अंक जणू कोणी टंकित केले अशा रीतीने पडद्यावर उमटतात आणि बहुधा पुढील ओळीवर जाण्याची कळही आपोआप दाबली जाते. त्यामुळे साध्या तक्त्याच्या संगणक-वहीतही नोंद करता येते. स्कॅनर स्वतः वस्तूचे नाव, किंमत वा शिल्लक जाणत नाही. तो केवळ क्रमांक वाचतो. त्यास अर्थ देणारी सूची आपणच तयार करावयाची असते.

नोंदणीची पद्धती

१. मूळ सूची. प्रत्येक वस्तूचा बारकोड एकदाच वाचून त्यासमोर पूर्ण नाव, मात्रा, वाटपाचे एकक, पेटीतील नग व किमान साठा लिहावा. एका क्रमांकास एकच ओळ असावी. या सूचीत बदल करण्याचा अधिकार एकाच जबाबदार कर्मचाऱ्याकडे ठेवावा.

२. आवक. माल येताच पुरवठ्याच्या चलनाशी ताडून बारकोड वाचावा. नग, बॅच क्रमांक व मुदत लिहावी. सूचीत नसलेला क्रमांक आढळल्यास तो ‘इतर’ म्हणून ढकलू नये. आधी मूळ सूचीत भर घालावी, मग आवक नोंदवावी.

३. जावक. वस्तू हातावेगळी करण्यापूर्वी बारकोड वाचावा. ‘आधी नोंद, मग वाटप’ हा क्रम मोडू नये. कोणत्या उपकेंद्रास वा वर्गास वस्तू दिली, ते त्याच ओळीत यावे.

४. शिल्लक. आवकेतून जावक वजा करून शिल्लक संगणक काढतो. किमान साठ्याखाली गेलेल्या वस्तूंची यादी दर आठवड्यास काढून मागणीपत्र करावे.

ज्या कार्यालयांसाठी शासनाने विशिष्ट संगणक प्रणाली विहित केली आहे, तेथे अधिकृत नोंद त्या प्रणालीतच करावयास हवी. सी-डॅकने विकसित केलेली ‘ई-औषधी’ ही अशीच एक प्रणाली. वर सांगितलेली वही अशा प्रणालीची जागा घेत नाही. परंतु शाळा, ग्रंथालय वा लहान भांडार यांस ती उपयुक्त आहे.

औषधांची विशेष बाब

औषधाच्या बाबतीत तेरा अंकी बारकोड अपुरा पडतो. तो वस्तू कोणती हे सांगतो. ती केव्हा तयार झाली आणि केव्हा निकामी होणार हे सांगत नाही. जानेवारीत आलेल्या आणि जुलैत आलेल्या जलसंजीवनीच्या पाकिटांवर एकच क्रमांक असू शकतो. म्हणून बॅच क्रमांक व मुदत यांची स्वतंत्र नोंद अनिवार्य होय. ज्याची मुदत आधी संपते ते औषध आधी वाटावे, हा नियम पाळावयाचा तर मुदतीप्रमाणे यादी लावता आली पाहिजे.

काही वेष्टनांवरील चौकोनी संकेतांत ही माहिती सामावलेली असते. जागतिक पद्धतीनुसार त्यात (०१) या खुणेपुढे वस्तूचा क्रमांक, (१७) पुढे मुदत आणि (१०) पुढे बॅच येते. मुदतीचे अंक वर्ष, महिना, दिवस या क्रमाने असतात. २८०५३१ म्हणजे ३१ मे २०२८. आपल्या नेहमीच्या क्रमाने वाचल्यास घोटाळा होतो. भारतात औषध नियमावलीत २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १ ऑगस्ट २०२३ पासून उत्पादित होणाऱ्या, अनुसूची ‘एच-२’ मधील ३०० औषध-ब्रँडांच्या वेष्टनावर बारकोड अथवा क्यूआर संकेत देणे बंधनकारक झाले. त्यात औषधाचे नाव, उत्पादक, बॅच, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख, परवाना क्रमांक इत्यादी माहिती असावी लागते. बनावट औषधांस आळा घालणे हा त्यामागील प्रमुख हेतू आहे.

बारकोड नसलेल्या वस्तू

खुर्च्या, सूक्ष्मदर्शक, सतरंज्या, जुनी पुस्तके यांवर बारकोड नसतो. अशा वस्तूंस जडवस्तू संग्रह नोंदवहीतील वा ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीतील क्रमांकच बारकोडरूपाने छापून चिकटवावा. केवळ आपल्या संस्थेपुरत्या वापरासाठी कोणाकडून क्रमांक विकत घेण्याचे कारण नाही. ग्रंथालयाने एवढे ध्यानी ठेवावे की, पुस्तकाच्या मलपृष्ठावरील ९७८ ने सुरू होणारा क्रमांक त्या आवृत्तीचा असतो, प्रतीचा नव्हे. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असल्यास कोणती प्रत कोणाकडे आहे, हे दाखल क्रमांकच सांगू शकतो.

बचत गटांची स्थिती निराळी आहे. मसाले, पापड, लोणची मोठ्या दुकानांतून विकावयाची झाल्यास सामान्यतः अधिकृत बारकोड मागितला जातो. तो ‘जीएस-वन इंडिया’कडे नोंदणी करूनच घ्यावा. दुसऱ्या मालावरील क्रमांक उतरवून छापल्यास दुकानाच्या यंत्रात भलत्याच वस्तूची नोंद होते.

नेहमी आढळणारे दोष

बाहेरच्या पेटीचा बारकोड आणि आतील पट्टीचा बारकोड वेगळा असतो. दहा पट्ट्यांची पेटी ‘एक पट्टी’ म्हणून नोंदली गेल्यास नऊ पट्ट्या हिशेबातून नाहीशा होतात. म्हणून दोन्ही क्रमांक सूचीत घेऊन पेटीसमोर तीतील पट्ट्यांची संख्या लिहावी.

संगणकाच्या तक्त्यात बारकोडचा स्तंभ ‘मजकूर’ या प्रकारचा ठेवावा. तो ‘संख्या’ असल्यास आरंभीचे शून्य गळते अथवा तेरा अंकांचा मोठा आकडा संक्षिप्त रूपात दिसतो. त्याचप्रमाणे मराठी टंकलेखनाची मांडणी चालू असताना स्कॅनर वापरल्यास अंक देवनागरीत उमटण्याचा संभव असतो. डोळ्यांस दोन्ही सारखेच वाटले तरी संगणकाच्या दृष्टीने ते भिन्न होत आणि वस्तू ‘सूचीत नाही’ असे उत्तर येते. स्कॅनर वापरण्यापूर्वी इंग्रजी मांडणी निवडावी.

एकच नग दोनदा वाचला जाणे हा आणखी एक दोष. प्रत्येक वाचनानंतर आवाज ऐकावा आणि पडद्यावरील ओळ पाहावी. वीजपुरवठा खंडित झाल्यास वापरण्यासाठी कागदी नोंदपत्रक जवळ असावे व वीज येताच त्याच दिवशी त्यातील नोंदी चढवाव्यात. संगणक-वहीची दुसरी प्रत दररोज अन्यत्र जतन करावी.

पडताळणीस पर्याय नाही

यंत्र वस्तू ओळखते; ती फळीवर आहे किंवा नाही, हे त्यास ठाऊक नसते. न वाचता बाहेर गेलेली वस्तू त्याच्या हिशेबी शिल्लकच राहते. म्हणून प्रत्यक्ष साठा पडताळणी ठरलेल्या मुदतीत झालीच पाहिजे. स्कॅनरमुळे ती सुलभ होते. प्रत्येक फळीवरील वस्तू वाचून केलेली यादी संगणकातील शिलकेशी ताडली की तफावत तत्काळ समोर येते. मोजणाऱ्यास संगणकातील शिल्लक आधी दाखवू नये; आकडा ठाऊक असला की मोजणी त्याच्याकडे झुकते. तसेच ज्याच्या ताब्यात भांडार आहे, त्याखेरीज अन्य व्यक्तीने मोजणी करावी. तफावत आढळल्यास आकडा गुपचूप दुरुस्त न करता कारणासह स्वतंत्र नोंद करून वरिष्ठांची स्वाक्षरी घ्यावी.

पंचायत सदस्यांनी भांडाराच्या भेटीत केवळ तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ साधेल. गेल्या पडताळणीची तारीख कोणती? पुढील तीन महिन्यांत मुदत संपणाऱ्या औषधांची यादी कोठे आहे? यादीतील कोणतीही एक वस्तू आता फळीवर दाखवाल काय? या प्रश्नांची उत्तरे जेथे विनाविलंब मिळतात, तेथे सार्वजनिक पैशाचा विनियोग योग्य होत असल्याची ग्वाही मिळते आणि रात्री-अपरात्री येणाऱ्या रुग्णाच्या वाट्यास रिकामे कपाट येण्याची भीतीही उरत नाही.