फिनला हात लावण्याआधी

अगं, तुझा व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. ऑफसाइडला, म्हणजे तुझ्या अवघड बाजूला, वळताना वॉटर-स्कीचं शेपूट निसटतंय, खरं आहे. पण लगेच स्कीखालच्या फिनचे स्क्रू ढिले करू नकोस. तू बोयाजवळ येताच खाली पाण्याकडे बघतेस आणि सगळं वजन मागच्या पायावर टाकतेस. तिथे बिचारी फिन काय करणार?

आधी कॅलिपर घे आणि फिनचे आत्ताचे आकडे लिहून काढ: लांबी, खोली, शेपटापासूनचं अंतर. कंपनीने दिलेल्या आकड्यांशी ताडून बघ. लांबी कॅलिपरच्या टोकांनी घेतली की जबड्यांनी, तेही लिही, कारण दोन्हींचे आकडे वेगळे येतात. स्क्रू आवळताना फिन हलते, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजायचं. 0.010 इंच म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर, पण ताशी 55 किलोमीटर वेगात तेवढाही फरक पायाला कळतो.

आकडे जुळले, नजर वर राहिली आणि तरी शेपूट सुटलं, तर खोली किंचित वाढव. खोल फिन शेपूट धरून ठेवते. फारच खोल झाली तर मात्र स्की वळायला मागत नाही. लांबी वाढवलीस तर स्कीचं पुढचं टोक पाणी घट्ट पकडतं. अख्खी फिन पुढे सरकवलीस तर वळण चटकन होतं, मागे घेतलीस तर स्की सरळ, शांत धावते. एक मिळवायला दुसरं थोडं सोडावं लागतं गं. म्हणून एका वेळी एकच बदल. बूट पुढे-मागे केलेस तर तोही बदलच.

फिनवरची छोटी आडवी पट्टी, म्हणजे विंग, बहुतेक जण 7 ते 9 अंशांत ठेवतात. बोयाकडे येताना ती ब्रेकचं काम करते आणि स्कीचं टोक खाली बसवते. तू वेगात येतेस, मग दोर सैल पडतो. तिथे नंतर कधी एखादा अंश वाढवून बघायला हरकत नाही.

आणि मनापासून सांगते, 16 मीटरच्या दोरावर तुझी खरी कमाई सुरुवातीच्या गेटमध्ये शिरण्यात आणि स्कीवर नीट उभं राहण्यात आहे. बोया मधल्या रेषेपासून 11.5 मीटर दूर असतो, दोर छोटा होत होत 11.25 मीटरवर आला की दोरच तोकडा पडतो. अमेरिकेच्या स्लॅलम स्कीअर नेट स्मिथने 2013 साली लुइझियानातल्या कव्हिंग्टनला 9.75 मीटरच्या दोरावर अडीच बोये घेतले, तिथे पाव मिलिमीटरला किंमत असते. तिकडे ऑर्लँडोत तळ्यातळ्यावर सल्ले मिळतील, ते ऐकून घे, पण फिन तशीच राहू दे. शनिवारी फक्त नजर वर ठेवून स्की कर आणि रात्री मला व्हिडिओ पाठव. विंगचं त्यानंतर बघू.