टिप्या कूलरखालीच का जायचा?

2018 चा मे महिना. यवतमाळला पाणी पाजणाऱ्या निळोणा आणि चापडोह या दोन्ही धरणांनी तळ गाठला होता. टँकर आला की गल्लीभर ड्रमांची रांग लागायची. अशा दिवसांत, मुलीच्या हट्टापायी, मी दोन महिन्यांचं गावठी पिल्लू घरी आणलं. अंगावर पांढरे ठिपके, म्हणून नाव टिप्या.

पहिल्याच दिवशी त्याने बैठकीत तीनदा शू केली. शहाबादी फरशी, तिच्या सांध्यांत ओल मुरलेली. पुसायला अर्धी बादली पाणी गेलं आणि माझं डोकं फिरलं. लहानपणी गल्लीत जे पाहिलं तेच केलं. टिप्याला मानेला धरून त्याचं नाक ओल्या फरशीवर घासलं, वर एक चापट.

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे बावा, लेकरू हाय ते! लेकराले मारून कोनी शी-शू शिकवते का?"

मी ऐकलं नाही. पुढचे दोन दिवस फरशी कोरडी दिसली, तेव्हा तर ऑफिसात फुशारकीही मारली. तिसऱ्या दिवशी गव्हाच्या कोठीमागून वास आला. कोठी सरकवली तर सगळा माल तिथेच! टिप्या एकच गोष्ट शिकला होता: या माणसासमोर शू करायची नाही. त्यामुळे अंगणात नेलं तरी तो माझ्याकडे बघत नुसता बसून राही, आणि घरात येताच कूलरखाली शिरून मोकळा होई.

लसीसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं, तेव्हा मी गाऱ्हाणं मांडलं. डॉक्टरांनी विचारलं, "अंगणात कधी नेता?"

"दुपारी. जेवायला घरी येतो तेव्हा."

"तिथं अनवाणी उभं राहून पाहिलं का?"

दुसऱ्या दिवशी दोन वाजता चप्पल काढून अंगणातल्या सिमेंटवर उभा राहिलो. दहा अंकही मोजून झाले नाहीत. पारा 45 च्या घरात असताना मी त्या कोवळ्या पंजांना तव्यावर सोडत होतो. घरात कूलरखाली मात्र ठिबकणाऱ्या पाण्याने गारवा होता. मी टिप्याच्या जागी असतो तर मीही कूलरच गाठला असता.

तिथून सगळं नव्याने सुरू केलं. आमच्या चुकांतून जे हाती लागलं, ते सांगतो.

वेळ आपण पाळायची. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर आणि रात्री निजण्याआधी पिल्लाला बाहेर न्यायचंच. एरवी ढोबळ हिशेब असा: जितके महिने वय, त्यात एक मिळवा; जास्तीत जास्त तितके तास ते धरू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे तीन तास, तेही शांत असेल तर. रात्री एक-दोनदा उठावं लागतं. आम्ही पाळ्या लावल्या होत्या.

जागा एकच आणि सावलीतली असावी. आम्ही कडुनिंबाखाली जुनं पोतं अंथरलं. जमिनीवर तळहात पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर तिथे पिल्लू सोडू नका. लसींचे डोस पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर, भटक्या कुत्र्यांच्या जागी नेऊ नका. पार्व्हो या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो.

शाबासकी जागेवरच द्या. शू होताच, तिथेच, भाकरीचा तुकडा. घरात आल्यावर दिला तर पिल्लाला वाटतं, घरात आल्याबद्दल मिळाला.

घरात करताना दिसलं तर गुपचूप उचलून पोत्यावर न्या. नंतर लक्षात आलं तर फक्त पुसा. मागच्या गोष्टीचा राग त्याला कळत नाही, आपली भीती तेवढी बसते.

पुसताना आधी जुन्या फडक्याने ओल टिपून घ्या, मग व्हिनेगर मिसळलेल्या थोड्या पाण्याने पुसा. पाणीही कमी लागतं. मी फिनाईल ओतत होतो. त्याने आपल्या नाकाला वास लपतो, कुत्र्याच्या नाही. शिवाय पंजे चाटताना ते त्याच्या पोटात जातं.

कितीही टंचाई असली तरी शू कमी व्हावी म्हणून पिल्लाचं पाणी तोडू नका. विदर्भातल्या उन्हाळ्यात ते जिवावर बेतेल. आणि पिल्लू सारखं थेंब-थेंब करत असेल किंवा लघवीत रक्त दिसलं, तर तो शिकवणीचा प्रश्न नाही. सरळ डॉक्टर गाठा.

टिप्याची माझ्याबद्दलची भीती जायला मात्र सवय लागण्यापेक्षा जास्त दिवस लागले. मुलगी आणि आई यांच्यासोबत तो आठवड्याभरात पोत्यावर जाऊ लागला. माझ्यासोबत नाही. मी पाठ फिरवून उभा राहायचो, तेव्हा कुठे तो बसायचा.

जूनमध्ये पहिला दणक्याचा पाऊस आला. पोतं भिजलं, त्याचा वास धुऊन गेला. टिप्या दारात येऊन कुंईकुंई करू लागला. घरात सगळे झोपलेले. मी छत्री घेतली, ओलं पोतं पडवीत ओढलं आणि त्याच्याशेजारी उकिडवा बसलो. त्याने पोतं हुंगलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यासमोरच पाय फाकवले.

भाकरीचा तुकडा खिशात होताच.