ज्युलियासाठी एडिटर लावताना

१. आधी ज्युलिया, मग एडिटर. ज्युलिया बसवायची ती 'ज्युलियाअप'नेच. एका कामाला जुनी आवृत्ती लागते, दुसऱ्याला नवी. ज्युलियाअप दोन्ही सांभाळतं. मग व्हीएस कोडमध्ये ज्युलियाचं एक्स्टेंशन टाका. ते ज्युलिया आपणहून शोधतं, त्यामुळे तिचा पत्ता विचारणारी सेटिंग रिकामीच राहू द्या.

२. जुने लोक अजून 'ॲटम'वरच्या 'जुनो'ची आठवण काढतात. जुनो मलाही फार आवडायचं. पण त्याचं काम करणारी मंडळी २०२० मध्ये व्हीएस कोडकडे वळली आणि डिसेंबर २०२२ मध्ये ॲटमच बंद झाला. नव्याने शिकणाऱ्याने तिकडे जाऊ नये.

३. सुटी फाइल उघडू नका, प्रोजेक्टचं पूर्ण फोल्डर उघडा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. खालच्या पट्टीत ज्युलियाचं कोणतं एन्व्हायर्नमेंट चालू आहे ते दिसतं. काम सुरू करण्याआधी नजर तिथे गेली पाहिजे. पॅकेज सामायिक एन्व्हायर्नमेंटमध्ये टाकलं, तर कोड तुमच्या मशीनवर चालतो आणि मार्गदर्शकांच्या मशीनवर अडतो, कारण प्रोजेक्टला त्या पॅकेजचा पत्ताच नसतो. 'प्रोजेक्ट' फाइलमध्ये कोणती पॅकेजेस लागतात ते असतं, 'मॅनिफेस्ट'मध्ये प्रत्येकाची नेमकी आवृत्ती. दोन्ही फाइली कोडसोबत जपा. प्रबंधाचे परीक्षक कधीतरी जुनी आकृती पुन्हा काढून मागतात. तेव्हा मॅनिफेस्ट हाताशी असेल, तर 'इन्स्टँशिएट' म्हणताच तीच पॅकेजेस त्याच आवृत्त्यांसह परत बसतात. विज्ञानात निकाल पुन्हा काढता यायलाच हवा, म्हणून मी याबाबत हट्टी आहे.

४. प्रत्येक बदलानंतर प्रोग्रॅम पहिल्यापासून चालवण्याची सवय सोडा. ज्युलिया फंक्शन पहिल्यांदा बोलावलं की ते कंपाइल करते, म्हणून पहिल्या वेळी उशीर होतो. २०२३ च्या १.९ आवृत्तीपासून पॅकेजेसचा कंपाइल केलेला कोड साठवला जातो, त्यामुळे हा त्रास पुष्कळ कमी झाला. तरी मोठा डेटा पुन्हा पुन्हा कशाला वाचायचा? आल्ट-जे, आल्ट-ओ दाबून आरईपीएल उघडा, दिवसभर चालू ठेवा आणि शिफ्ट-एंटरने हवी ती ओळ तिथे पाठवा. सामायिक एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवण्याजोगं एक पॅकेज म्हणजे 'रिव्हाइज'. एक्स्टेंशन ते स्वतःच लोड करतं आणि तुमच्या पॅकेजमधल्या फंक्शनात केलेला बदल चालू सत्रात उतरतो.

५. उलटी तिरपी रेघ, पुढे 'सिग्मा'चं इंग्रजी स्पेलिंग आणि टॅब: ग्रीक अक्षर उमटतं. शोधनिबंधातलं समीकरण आणि कोड शेजारी ठेवून ताडता येतात. फाँट 'ज्युलियामोनो' घ्या.

६. पहिल्यांदा फोल्डर उघडल्यावर पॅकेजेसची सूची बनायला वेळ लागतो. तोवर सूचना अपुऱ्या दिसतील, थांबा.

७. डीबगर कोड इंटरप्रीट करतो, त्यामुळे लांब लूपमध्ये तो रेंगाळतो. डेटाचा छोटा तुकडा देऊन तपासा.

८. थ्रेड्सची संख्या एक्स्टेंशनच्या सेटिंगमध्ये द्यावी लागते. 'ऑटो' लिहा, आरईपीएल पुन्हा सुरू करा आणि किती थ्रेड्स मिळाले ते तिथेच विचारून पाहा.