स्वयंपाकाची रीत आणि अन्नातील सत्त्व

(इयत्ता ४ थी ते ७ वी : आरोग्यशिक्षणाचा पाठ)

पाठाचा हेतू

घरात येणारे धान्य, डाळी व भाजीपाला यांतील पोषक द्रव्ये मुलाच्या शरीरात पोचण्यापूर्वी कोठे व कशी नाहीशी होतात आणि जादा खर्च न करता ती कशी राखता येतात, हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या निरीक्षणाने समजावे, हा या पाठाचा हेतू होय.

प्रास्ताविक

आहाराचा विषय शिकविताना बहुधा अन्नघटकांची यादी फळ्यावर लिहून ती पाठ करून घेण्यात येते. पिष्टमय पदार्थ, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे व क्षार ही नावे मुलांना मुखोद्गत होतात. दूध, अंडी व फळे खावीत, हेही त्यांना ठाऊक होते. परंतु ज्या घरी रोज दूध व फळे आणणे शक्य नाही, त्या घरच्या मुलाला या यादीचा उपयोग कोणता? आपल्या घरचे अन्न हलक्या प्रतीचे आहे, अशी भावना मात्र त्याच्या मनात घर करते. वस्तुतः ज्वारी-बाजरीची भाकरी, वरण किंवा पिठले, पालेभाजी आणि मोड आलेली कडधान्ये हा आहार मुळात उत्तम आहे. त्यातील सत्त्व पुष्कळदा दळताना, धुताना, शिजविताना आणि पानात वाढल्यावर चुकीच्या जोडीमुळे वाया जाते. शिक्षकाने मुलांचे लक्ष वेधावयाचे ते या गळतीकडे.

या गळतीचा परिणाम वर्गातच दिसतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील ६ ते ५९ महिने वयाच्या दर शंभर बालकांपैकी सुमारे ६७ बालकांत रक्तक्षय आढळला. हीच बालके पुढे पहिलीच्या वर्गात येतात. रक्तक्षय झालेले मूल लवकर थकते, खेळात मागे राहते, दुपारच्या तासाला पेंगते आणि सांगितलेले त्याच्या ध्यानात राहत नाही. अशा मुलाला आळशी अथवा मंद म्हणण्यापूर्वी त्याच्या रक्तात लोह पुरेसे आहे काय, हा विचार शिक्षकाच्या मनात यावयास हवा. रक्तक्षयास जंत, हिवताप इत्यादी अन्य कारणेही असतात. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातील तपासणी, जंतनाशक औषध व लोहाच्या गोळ्या यांचे महत्त्व आहेच. परंतु रोजच्या पानातून मिळणाऱ्या लोहाची जागा त्यांपैकी कोणतीही वस्तू कायमची भरून काढू शकत नाही.

विषयविवेचन

(१) दळणे व सडणे : धान्याच्या कोंड्यात व अंकुरात जीवनसत्त्वे, क्षार आणि तंतू यांचा मोठा साठा असतो. तांदूळ जितका शुभ्र करावा तितका तो या द्रव्यांना मुकतो. ही गोष्ट जगाला कळली ती कोंबड्यांमुळे. १८९० नंतरच्या दशकात जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान या डच वैद्याच्या प्रयोगशाळेतील कोंबड्या रुग्णालयातील उरलेल्या शुभ्र तांदळाच्या भातावर पोसल्या जात होत्या. त्यांचे पाय लुळे पडले. पुढे त्यांना असडी तांदूळ मिळू लागताच त्या बऱ्या झाल्या. 'बेरीबेरी' या माणसांच्या रोगाचे मूळ शोधण्यास येथूनच वाट मिळाली. कोंड्यात शरीराला अत्यावश्यक असे काही द्रव्य असते, असा अर्थ १९०१ साली त्यांचे सहकारी खेरित ग्रेन्स यांनी लावला. ते द्रव्य म्हणजे थायमिन, अर्थात ब-१ जीवनसत्त्व. १९२९ साली आइकमान यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

कोकण व गोमंतक या भागांत उकडा तांदूळ खाण्याची जुनी चाल आहे. भात सालीसकट भिजवून उकडला असता सालीलगतची काही जीवनसत्त्वे दाण्याच्या आत शिरतात व पुढे सडताना ती कमी प्रमाणात नष्ट होतात. म्हणून उकडा अथवा कमी सडलेला तांदूळ घ्यावा आणि गव्हाच्या पिठातील कोंडा चाळून टाकू नये. बाजरीच्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ६ ते ८ मिलिग्रॅम लोह असते. नाचणीच्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास असते. नाचणी 'गरिबाचे धान्य' म्हणून मागे पडली, तरी हाडे बळकट करण्याच्या कामी तांदूळ तिची बरोबरी करू शकत नाही.

(२) धुणे व चिरणे : क जीवनसत्त्व आणि ब गटातील जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात. भाजी आधी चिरून मग धुतली, अथवा चिरून पाण्यात घालून ठेवली, तर ही द्रव्ये त्या पाण्याबरोबर मोरीत जातात. बारीक चिरल्याने पानांचा अधिक भाग हवेला उघडा पडतो व क जीवनसत्त्व अधिक वेगाने नष्ट होते. यास्तव भाजी प्रथम दोन-तीन पाण्यांनी स्वच्छ धुवावी, नंतर मोठी मोठी चिरावी आणि लगेच चुलीवर चढवावी. तांदूळही स्वच्छ होण्यापुरताच धुवावा. पाणी नितळ दिसेपर्यंत चोळून चोळून धुण्याची सवय सोडावी. कोथिंबिरीचे कोवळे देठ, मुळ्याचा पाला, फुलकोबीची पाने, हरभऱ्याचा पाला व शेवग्याचा पाला हे सर्व खाद्य आहे, हेही मुलांना सांगावे.

(३) शिजविणे : भात भरपूर पाण्यात शिजवून वरचे पाणी ओतून दिल्याने त्यातील ब गटातील जीवनसत्त्वांचा बराच भाग वाया जातो. शोषले जाईल एवढेच पाणी घालावे, अथवा वेळून काढलेली पेज मीठ घालून प्यावी किंवा आमटीत मिसळावी. पुरणासाठी शिजविलेल्या डाळीचे पाणी काढून त्याची कटाची आमटी करण्याची आपली रीत या दृष्टीने शहाणपणाची आहे. सणाच्या दिवशी पाळला जाणारा हा नियम इतर दिवशीही पाळावा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

उसळ लवकर शिजावी किंवा पालेभाजी हिरवीगार दिसावी म्हणून खाण्याचा सोडा घातला जातो. सोड्यामुळे थायमिन व क जीवनसत्त्व यांचा नाश होतो. कडधान्य रात्री भिजत घातले तर सोड्याची गरजच उरत नाही. भांड्यावर झाकण ठेवल्याने अन्न लवकर शिजते, सत्त्व टिकते आणि सरपण अथवा गॅसही वाचतो. तीच भाजी पुनःपुन्हा उकळू नये. तळणीचे तेल वारंवार तापविल्याने त्यात अपायकारक द्रव्ये तयार होतात, म्हणून ते दुसऱ्या तळणीसाठी साठवून ठेवू नये.

पालेभाजी जपून शिजविण्याचे महत्त्व मुंबईत झालेल्या एका संशोधनाने चांगले स्पष्ट होते. ल्युसी विल्स या इंग्रज स्त्री-डॉक्टर १९२८ साली गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी मुंबईस आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांमध्ये हा विकार फार होता. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले व पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास 'फोलिक आम्ल' हे नाव मिळाले. हिरव्या पानांत असणारे हे द्रव्य दीर्घकाळ उकळल्याने नष्ट होते आणि टाकून दिलेल्या पाण्याबरोबर निघून जाते.

(४) मोड व आंबवण : कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते. मोड येताना ते तयार होते. धान्यात व कडधान्यात लोहाला धरून ठेवणारे फायटेट नावाचे द्रव्य असते. मोड आणल्याने व आंबविल्याने ते कमी होते व लोह अंगी लागते. मटकीची उसळ व ज्वारी-नाचणीची आंबील हे पदार्थ केवळ चवीचे नसून त्यांच्यामागे हे शास्त्र आहे. लहान मुलांना मोड कच्चे न देता किंचित वाफवून द्यावेत.

(५) पानातील जोड : कोणता पदार्थ कशाबरोबर खाल्ला, यावर त्याचा लाभ अवलंबून असतो. भाकरीबरोबर पिठले किंवा वरण घेतल्याने धान्यातील प्रथिनांची उणीव डाळ भरून काढते व डाळीतील उणीव धान्य भरून काढते. पालेभाजीवर लिंबू पिळल्याने, अथवा जेवणात आवळा, पेरू किंवा कच्च्या कोथिंबिरीची चटणी असल्याने वनस्पतींतील लोह अधिक शोषले जाते. याच्या उलट, चहातील टॅनिन लोहाला अडवून ठेवते. सकाळी चहात भाकरी किंवा चपाती बुडवून शाळेत येणारी मुले अनेक आहेत. त्या न्याहारीतील लोहाचा बराच भाग त्यांच्या उपयोगी पडत नाही. मुलांना चहा देऊच नये, आणि मोठ्यांनीही जेवणाच्या आधी व नंतर सुमारे एक तास तो टाळावा. शेवग्याचा पाला, गाजर व लाल भोपळा यांपासून मिळणारे अ जीवनसत्त्व शोषले जाण्यास थोडा स्निग्धांश लागतो, म्हणून त्यांना चमचाभर तेलाची फोडणी उपयुक्त ठरते. लोखंडी कढईत शिजविलेल्या, विशेषतः आंबट पदार्थांत थोडे लोह उतरते. पितळी भांड्यास मात्र कल्हई असल्याखेरीज त्यात आंबट पदार्थ करू नयेत.

मीठ आयोडीनयुक्तच वापरावे. आजच्या हिमाचल प्रदेशातील कांग्रा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात अशा मिठाने गलगंडाचे प्रमाण घटते, हे सिद्ध झाले. ओलावा व उष्णता यांमुळे आयोडीन कमी होते, म्हणून मिठाचे भांडे झाकलेले व चुलीपासून दूर असावे. मात्र प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे व मुलांना तर त्याहूनही कमी पुरते. दुकानात टांगलेल्या खारट-तळलेल्या पुड्यांचा विचार करताना ही मर्यादा मुलांसमोर ठेवावी. त्याच पैशांत मूठभर भाजलेले शेंगदाणे व गूळ येतो, हा हिशोब त्यांच्याकडूनच करवून घ्यावा.

प्रात्यक्षिके

प्रात्यक्षिक पहिले : तांबड्या माठाची सारखी पाने दोन पेल्यांत घ्यावीत. एका पेल्यात अखंड पाने व दुसऱ्यात बारीक चिरलेली पाने घालून दोन्हींत सारखेच कोमट पाणी ओतावे. थोड्या वेळाने दुसऱ्या पेल्यातील पाणी अधिक लाल झालेले दिसेल. हा रंग म्हणजे जीवनसत्त्व नव्हे. परंतु रंगाप्रमाणेच न दिसणारी द्रव्येही पाण्यात उतरतात, हे अनुमान मुलांकडून काढून घ्यावे.

प्रात्यक्षिक दुसरे : मूठभर मटकी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवावी. मोडाची लांबी रोज पट्टीने मोजून वहीत नोंदवावी.

प्रात्यक्षिक तिसरे : शाळेतील पोषण आहाराच्या तक्त्यावरून गणित घालावे. प्राथमिक वर्गातील एका मुलासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरलेले आहे. आपल्या वर्गास रोज किती धान्य, डाळ व भाजी लागेल, हे मुलांनी काढावे. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना वर्गात सन्मानाने बोलावून भाजी कशी धुतात व चिरतात, हे त्यांच्याकडूनच दाखवावे. चुलीजवळ मात्र मुलांना नेऊ नये.

शिक्षकांसाठी सूचना

"काल रात्री तुझ्या घरी काय शिजले?" असा प्रश्न भर वर्गात कोणत्याही मुलास विचारू नये. ज्या घरी काही शिजले नसेल, त्या घरच्या मुलाला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. एखाद्या घरच्या अन्नाची दुसऱ्या घरच्या अन्नाशी तुलना करू नये. मांसाहार व शाकाहार यांबाबत उपहासाचा शब्दही उच्चारू नये.

मुलाने घरी जाऊन आईच्या चुका काढाव्यात, असा या पाठाचा अर्थ होता कामा नये. पहाटे उठून पाणी भरणारी, दिवसभर शेतात राबणारी व सायंकाळी घाईने चूल पेटविणारी माता भाजी आधी चिरते, ती वेळ वाचावा म्हणून. तिला उपदेशापेक्षा मदतीचा हात हवा. म्हणून भाजी निवडणे, धुणे, कडधान्य भिजत घालणे व भांड्यावर झाकण ठेवणे ही कामे मुलग्यांनी व मुलींनी सारखीच वाटून घ्यावीत, असे सांगावे. पालकसभेत हा विषय निघेल तेव्हा वडीलधाऱ्या पुरुषांनाही त्यात सहभागी करून घ्यावे.

फलकलेखन

आधी धुवा, मग चिरा. झाकण ठेवून शिजवा. शिजल्याचे पाणी टाकू नका. सोडा घालू नका. भाकरीला डाळीची आणि भाजीला लिंबाची जोड द्या. जेवणाबरोबर चहा नको.

स्वाध्याय

१. भात शिजविल्यानंतर उरलेल्या पाण्याचे आपल्या गावात काय करतात, ते मोठ्या माणसांना विचारून लिहा.
२. आपल्या परिसरात पावसाळ्यात व हिवाळ्यात मिळणाऱ्या पाच-पाच पालेभाज्यांची नावे लिहा.
३. मोड आलेल्या मटकीची तीन दिवसांची नोंद वहीत करा.
४. या आठवड्यात घरच्या स्वयंपाकात आपण कोणती मदत केली, ते चार ओळींत लिहा.

मूल्यमापन

मुलांनी लिहिलेल्या उत्तरांवरून या पाठाचे यश ठरवू नये. महिन्याभरानंतर शाळेच्या स्वयंपाकघरात भाजी आधी धुतली जाते की नाही, किती घरी कडधान्य भिजत घालण्याचे काम मुलांकडे आले आहे, आणि चहा-चपाती खाऊन येणारी किती मुले आता चहा टाळून येतात, हे शिक्षकाने मुलांशी सहज बोलता बोलता जाणून घ्यावे व आपल्या टाचणवहीत नोंदवावे. दहा घरांत एवढा पालट झाला, तरी या पाठासाठी दिलेले तास सार्थकी लागले असे समजावे.