परांची : उंच घराचा तात्पुरता आधार

(इयत्ता सहावी व सातवी. परिसर-अभ्यास, गणित व हस्तव्यवसाय यांचा संयुक्त पाठ)

पाठाचा उद्देश

घर बांधून पुरे झाले की परांची सोडली जाते आणि तिची आठवण कोणास राहत नाही. तथापि भिंतीचा वरचा प्रत्येक थर तिच्यावर उभे राहूनच रचलेला असतो. अंबरनाथ तालुक्यातील अनेक विद्यार्थ्यांचे पालक अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर येथील बांधकामांवर गवंडी, सुतार वा बिगारी म्हणून काम करतात. त्यांचा दिवसाचा बराच वेळ परांचीवर जातो. परांची कशी उभी राहते, तिचा मंच वर कसा नेला जातो आणि ती कोणत्या चुकीमुळे कोसळते, एवढे ज्ञान सातवीपर्यंतच्या विद्यार्थ्यास अवश्य असावे. हे ज्ञान सुलभ प्रयोगांच्या द्वारे कसे देता येईल, हे या पाठात सांगितले आहे.

उंच घरांचा प्रदेश

पाठाचा आरंभ परिसरापासून करावा. उल्हास नदी सह्याद्रीत उगम पावून कर्जत, नेरळ, वांगणी व बदलापूर यांच्याजवळून कल्याणकडे जाते. पावसाळ्यात ती किती वेगाने चढते, हे या भागातील लोकांनी अनेकदा अनुभवले आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली व सुमारे एक हजार प्रवाशांना सुखरूप बाहेर काढावे लागले.

अशा प्रदेशात घर जमिनीपासून उंच करणे हा शहाणपणाचा उपाय होय. कोकणात उंच दगडी जोत्यावर घर बांधण्याची रीत जुनीच आहे. शहरात तळमजला केवळ खांबांवर मोकळा ठेवून त्यावर राहते मजले चढविलेल्या इमारती आता सर्वत्र दिसतात. आसामात ब्रह्मपुत्रेच्या काठी मिसिंग लोक बांबूच्या खांबांवर ‘चांग घर’ बांधतात व मागील पुराची पातळी ध्यानात घेऊन घरातील जमिनीची उंची ठरवितात. शेतात राखणीसाठी बांधलेला माळा विद्यार्थ्यांनी पाहिलेला असतोच. खांबांवर उचललेल्या जागेची कल्पना त्यावरून त्यांना सहज येईल.

परंतु उंच घरामुळे एक नवे कामही मागे लागते. घर जितके उंच, तितकी त्याची प्रत्येक दुरुस्ती उंचावरची. मृग नक्षत्रापूर्वी कौले परतणे, भिंतीस गिलावा वा रंग देणे, पागोळ्यांनी कुजलेले वासे बदलणे या कामांसाठी दरवर्षी कोणास तरी वर चढावे लागते. म्हणून घर उंच करण्याचा विचार आणि परांचीचा विचार एकाच दिवशी झाला पाहिजे.

परांचीचे अवयव

फळ्यावर आकृती काढून पुढील अवयव दाखवावेत.

१. उभे : जमिनीवर ताठ उभे केलेले बांबू वा नळ्या. सर्व भार अखेरीस यांच्यावर येतो.

२. आडवे : उभ्यांना भिंतीच्या समांतर जोडणारे बांबू.

३. आडकाठ्या : आडव्यांवर भिंतीच्या दिशेने टाकलेल्या लहान काठ्या. यांवर फळ्या बसतात.

४. तिरके : उभ्या-आडव्यांच्या चौकटीत कोनाकोनी बांधलेले बांबू.

५. मंच : कामगार ज्यावर उभा राहतो तो फळ्यांचा थर. त्याच्या बाहेरच्या कडेस सुमारे १ मीटर उंचीवर कठडा असावा आणि हत्यार वा वीट घरंगळून खाली पडू नये म्हणून सुमारे १५ सेंटिमीटर उंचीची फळी कडेने उभी लावावी.

ठाणे जिल्ह्यात मानवेल व कळक हे बांबू परिचित आहेत. ते काथ्याच्या दोरीने बांधतात. मोठ्या कामांवर लोखंडी नळ्या वापरतात. त्यांचा बाहेरील व्यास सुमारे ४८ मिलिमीटर असतो. लोखंडी परांचीच्या भागांविषयीचे मानक भारतीय मानक संस्थेने १९६४ साली प्रसिद्ध केले.

मंच वर कसा जातो

माणूस आपल्या पायांपासून सुमारे १.३ मीटर उंचीपर्यंत सुखाने भिंत रचू शकतो. त्याच्या वर हात ताणावा लागतो, रेषा चुकते आणि तोलही जातो. म्हणून काम वर गेले की मंचही वर नेला पाहिजे. मंच वर नेण्याच्या तीन रीती आहेत.

पहिली, घोडीची. घोडीच्या पायांत ठराविक अंतरावर भोके असतात. त्यांत खुंटी घालून वरची पट्टी हव्या त्या उंचीवर बसवितात. घरातील छताचे काम वा जोत्याच्या भिंतीचा गिलावा यांना ती पुरते.

दुसरी, बांधीव परांचीची. येथे उभे व आडवे आधीच बांधलेले असतात. केवळ फळ्या एका पातळीवरून काढून वरच्या पातळीवर नेतात. वरच्या आडकाठ्या पक्क्या बांधून झाल्याशिवाय खालची एकही फळी हलवू नये. ज्या मंचाच्या फळ्या काढणे चालू आहे, त्यावर दुसऱ्या कोणी काम करीत राहू नये.

तिसरी, पेचाची. लोखंडी परांचीच्या प्रत्येक पायाखाली पेच असलेली बैठक असते. पेच फिरविला की तो पाय वर वा खाली होतो. उतारावरील घराजवळ चारही पाय वेगवेगळ्या उंचीवर ठेवून मंच पाणसळीने सपाट करता येतो. पेचाचा उपयोग प्रारंभी मंच सपाट करण्यासाठी आहे. माणसे वर असताना पेच फिरवू नये.

या तिन्ही रीतींतून एकच नियम निघतो व तो विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावा : मंच हलतो, सांगाडा हलत नाही.

सांगाडा का हलवू नये

काम वर गेले म्हणजे खालचे आडवे बांबू निरुपयोगी झाले, असे पुष्कळांस वाटते. बांबू कमी पडले की तेच सोडून वर नेण्याचा मोह होतो. या मोहातील धोका पुढील प्रयोगाने दाखवावा.

बांबूची सारख्या जाडीची पातळ काडी घेऊन तिचे २० व ४० सेंटिमीटर लांबीचे दोन तुकडे करावेत. प्रत्येक तुकडा मेजावर उभा धरून वरून तळहाताने हळूहळू दाबावा. लांब तुकडा अगदी थोड्या दाबाने वाकतो. आखूड तुकडा पुष्कळ दाब सहन करतो. आता लांब तुकड्याच्या मध्यभागी एका विद्यार्थ्याने दोन बोटांनी नुसता आधार द्यावा. तोच तुकडा आता अधिक दाब सहन करील.

बारीक व उंच उभ्याविषयीचा नियम असा की, आधाराशिवायची लांबी दुप्पट झाली की वाकण्याविरुद्धची त्याची शक्ती चौथाईवर येते. परांचीतील आडवे बांबू या दोन बोटांचे काम करतात. १.३ मीटरवर असलेला आडवा सोडला की आधाराशिवायची लांबी २.६ मीटर होते. माणसे तीच, विटा त्याच, परंतु उभ्याची शक्ती मात्र एक चतुर्थांश! परांची वरून मोडल्यासारखी दिसली तरी तिच्या मोडण्याचे कारण अशा वेळी खाली असते.

खांबांवरील घराची विशेष अडचण

जोत्याच्या घरास जमिनीपासूनच भिंत असते. परांची ठिकठिकाणी त्या भिंतीस बांधता येते. खांबांवरील घराचा तळ मोकळा असतो. तेथे भिंत नाही, म्हणून काम नाही. आणि काम नाही, म्हणून आडवे बांधण्याचे कोणास सुचत नाही. सर्वाधिक भार तर याच तळाच्या भागातून जमिनीत उतरतो.

म्हणून अशा घराच्या परांचीस तळाच्या भागात फळ्या नसल्या तरी चालतील, पण आडवे व तिरके असलेच पाहिजेत. आणि ती घराच्या खांबांस घट्ट बांधली पाहिजे. एखादी परांची कशासही न बांधता मोकळी उभी करावयाची असल्यास तिची उंची तळाच्या लहान बाजूच्या तिपटीहून अधिक नसावी.

जमिनीचाही विचार हवा. भातखाचराची माती उन्हाळ्यात दगडासारखी कठीण असते. पहिल्या सरीनंतर तीच मऊ होते व उभा बांबू तीत खचतो. प्रत्येक उभ्याखाली रुंद फळी ठेवावी. विटांचे तुकडे ठेवू नयेत, कारण ते भाराने फुटतात. दोरी भिजून पुन्हा वाळली की गाठी सैल पडतात. म्हणून पाऊस पडून गेल्यावर प्रत्येक गाठ तपासल्याशिवाय वर चढू नये.

दुरुस्तीची सोय बांधतानाच

घर बांधताना भिंतीत ठराविक अंतरावर आडकाठ्यांसाठी भोके ठेवतात. काम संपल्यावर ती बुजविली जातात. त्यांऐवजी छपराच्या कडेखाली व खांबांच्या माथ्याशी लोखंडी कड्या पक्क्या बसवून ठेवल्यास पुढील प्रत्येक वर्षी परांची बांधण्यास खात्रीचा आधार मिळेल. खर्च अल्प आहे, परंतु तो बांधतानाच करावा लागतो. शाळेची इमारत उंच जोत्यावर असल्यास दुरुस्तीच्या वेळी हा मुद्दा शिक्षकांनी शाळा व्यवस्थापन समितीपुढे अवश्य मांडावा.

उंच वास्तू दुरुस्तीवाचून टिकत नाही, याचे उदाहरण गावातच आहे. वालधुनी नदीच्या काठचे अंबरनाथाचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातील असून तेथील शिलालेख शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. काळ्या दगडाच्या त्या मंदिराचा खालचा कोरीव भाग आजही पाहावयास मिळतो. शिखराचा वरचा भाग मात्र पूर्ण उरलेला नाही. जे भाग माणसाच्या हातास सहज पोहोचत नाहीत, त्यांची निगा राखण्यास परांची लागते. सहलीच्या वेळी ही गोष्ट विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविता येईल.

वर्गातील कृती

कृती १ : चार काड्यांची चौकट दोऱ्याने बांधून एका कोपऱ्यावर ढकलावी. ती कलते. कोनाकोनी पाचवी काडी बांधून पुन्हा ढकलावी. चौकोनाचे दोन त्रिकोण झाल्याने ती आता कलत नाही. तिरक्या बांबूचे कार्य हेच होय.

कृती २ : ओल्या मातीच्या परातीत एक काडी उभी दाबावी, नंतर तिच्याखाली खापरीचा सपाट तुकडा ठेवून पुन्हा दाबावी. दोन्ही वेळी काडी किती खचली ते मोजावे.

कृती ३ : पाच-पाच विद्यार्थ्यांच्या गटांनी अर्धा मीटर उंचीची परांची काड्या व सुतळी यांनी बांधावी. मंचावर लहान खडे ठेवून भार वाढवीत जावे. नंतर खालचे आडवे सोडून तोच प्रयोग पुन्हा करावा व दोन्ही वेळचे खडे मोजून वहीत लिहावेत.

सोडविण्याची उदाहरणे

१. एका घराच्या भिंतीचा माथा जमिनीपासून ३.९ मीटर उंच आहे. गवंडी पायांपासून १.३ मीटरपर्यंत काम करतो. पहिला थर तो जमिनीवरून रचतो. मंच किती पातळ्यांवर बसवावा लागेल? (उत्तर : २, १.३ व २.६ मीटरवर.)

२. तेच घर २.६ मीटर उंचीच्या खांबांवर उभारले, तर भिंतीचा माथा किती उंच होईल? भिंतीच्या कामासाठी फळ्या कोणकोणत्या पातळ्यांवर लागतील? आडवे कोणकोणत्या पातळ्यांवर लागतील? (उत्तर : ६.५ मीटर, फळ्या २.६, ३.९ व ५.२ मीटरवर, आडवे १.३ मीटरवरसुद्धा.)

३. परांचीच्या एका पायाखालील जमीन ९ सेंटिमीटर खोल आहे. पेचाच्या एका फेऱ्याने पाय ६ मिलिमीटर सरकतो. किती फेरे द्यावे लागतील? (उत्तर : १५.)

४. शिडीचा पाया भिंतीपासून टेकण्याच्या उंचीच्या चौथाई अंतरावर असावा. शिडी ४ मीटर उंचीवर टेकत असल्यास हे अंतर किती? (उत्तर : १ मीटर.) शिडीचे टोक मंचाच्या वर आणखी १ मीटर का असावे, हे विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे.

शिक्षकांसाठी सूचना

चालू बांधकाम दाखवावयाचे असल्यास विद्यार्थ्यांना परांचीपासून तिच्या उंचीइतके तरी दूर उभे करावे. कोणत्याही कारणाने विद्यार्थ्यास परांचीवर चढू देऊ नये. शाळेच्या दुरुस्तीसाठी बांधलेल्या परांचीची शिडी काम बंद असताना काढून ठेवावी; मधल्या सुटीत ती मुलांना हटकून बोलाविते.

बांधकाम कामगारांच्या सुरक्षिततेविषयी केंद्राने १९९६ साली कायदा केला. पुढे तो विषय २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत घेण्यात आला. महाराष्ट्रात बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कल्याणकारी मंडळ आहे. मागील वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या, १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगारास तेथे नोंदणी करता येते व नोंदणी झालेल्या कामगारांच्या मुलांस शिक्षणासाठी साहाय्यही मिळते. पालकसभेत ही माहिती सांगावी. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही, त्यांस तो लिहून देण्याची व्यवस्था करावी.

पाठाच्या शेवटी विद्यार्थ्यांना एकच गृहपाठ द्यावा. घरातील जे कोणी बांधकामावर जात असेल, त्यास विचारावे : “तुमच्या परांचीचे खालचे आडवे जागच्या जागी आहेत काय?” मिळालेले उत्तर दुसऱ्या दिवशी वर्गात सांगावयास लावावे.