घडीच्या चाकूचे चामडी म्यान

कोल्हापुरी चपलांचा धंदा पावसाळ्यात मंदावतो. या दिवसांत कारागिराच्या हाताला काम देऊ शकेल अशी एक वस्तू म्हणजे घडीच्या चाकूचे, कमरपट्ट्यावर वागवावयाचे म्यान. कापणीत उरलेल्या तुकड्यांतूनही ते तयार होते.

यासाठी बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले, सुमारे २.५ ते ३ मिलिमीटर जाडीचे चामडे घ्यावे. क्रोमने कमावलेल्या चामड्यातील क्षार पात्यास गंज आणू शकतात. शिवाय ते ओले करून दिलेला आकार नीट धरीत नाही.

प्रथम मिटलेल्या चाकूभोवती कागद गुंडाळून नमुना काढावा व शिवणीसाठी १० मिलिमीटर जागा अधिक सोडावी. पट्ट्यात अडकविण्याचा बंद मागील बाजूस आधीच शिवावा. मागाहून तेथे सुई पोचत नाही. कडा चिकटवून आरीने समान अंतरावर भोके पाडावीत. मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून, प्रत्येक भोकातून त्या परस्परविरुद्ध बाजूंनी काढाव्यात. एका बाजूचा धागा तुटला तरी दुसरा शिवण धरून ठेवतो.

नंतर म्यान पाण्यात भिजवून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला चाकू आत घालावा, बोटांनी दाबून आकार द्यावा व सावलीत वाळवावे. कडक उन्हात चामडे ताठरून तडकते. शेवटी मेण चोळावे.

ओलसर म्यानात चाकू ठेवू नये, हे गिऱ्हाइकास आवर्जून सांगावे. गंजलेले एक पाते कारागिराचे नाव घालविते.